जुन्या ड्रमचा खरा रंग कोणता?



निळा आणि पिवळा मिसळला की हिरवा होतो, हे आपण वर्गात दोन मिनिटांत करून दाखवतो. हेच मिश्रण कुणीही न करता, पन्नास-साठ वर्षांत आपोआप झालेलं बघायचं असेल तर जुने अमेरिकन ड्रम बघा. १९६०च्या दशकात 'ब्लू स्पार्कल' म्हणून विकलेले कितीतरी ड्रम आज चक्क हिरवट दिसतात!

याचं कारण त्यांच्या आवरणात आहे. या ड्रमच्या लाकडी शेलवर बहुतेक वेळा रंग लावलेला नसतो. आपण टेबलावर सनमायका चिकटवतो ना, तसा प्लॅस्टिकचा पातळ ताव शेलभोवती गुंडाळून चिकटवतात. त्याला म्हणतात रॅप. त्या काळी हा ताव सेल्युलोज नायट्रेटचा, म्हणजेच सेल्युलॉइडचा असे. सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करायची आणि लवचिकपणासाठी त्यात घालायचा कापूर. हो, आपला आरतीचा कापूर! जुने कंगवे, टेबल टेनिसचे जुने चेंडू, सिनेमाच्या जुन्या फिल्म्स, सगळे याच कुळातले. पदार्थ भयंकर ज्वालाग्राही. पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत आपल्या जुन्या नायट्रेट फिल्म्सचा मोठा ठेवा गेला, तो याच पदार्थावर चित्रित झालेला होता.

दर दशकाची आवड वेगळी. १९३०च्या दशकात मोत्यासारखा पांढरा 'व्हाइट मरीन पर्ल' लोकप्रिय होता. जीन क्रुपा या जॅझ वादकाचे स्लिंगरलँड ड्रम याच रंगाचे. पन्नाशीत चमचमणारे स्पार्कल आले. १९६३ मध्ये बीटल्सच्या रिंगो स्टारने लंडनच्या दुकानात लुडविग कंपनीचा 'ब्लॅक ऑयस्टर पर्ल' निवडला. काळ्या-करड्या-पांढऱ्या लहरींचा. फेब्रुवारी १९६४ मध्ये अमेरिकेत सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो टीव्हीवर पाहिला आणि लुडविगची मागणी तुफान वाढली. गंमत म्हणजे ते प्रक्षेपण कृष्णधवल होतं! साठीच्या शेवटी भडक 'सायकेडेलिक रेड' आला, सत्तरीत आरपार दिसणारे अ‍ॅक्रिलिकचे ड्रम.

आता बदलाकडे येऊ. सेल्युलॉइड उजेडात आणि उष्णतेत हळूहळू विघटित होतं आणि पिवळं पडतं. वाद्यं वाजायची क्लबांत, तिथे सिगारेटचा धूरही भरपूर. स्पार्कलमध्ये चकाकीच्या कणांवर पारदर्शक थर असतो. तो पिवळा पडला की खालचा निळा आपल्याला हिरवा दिसतो, चंदेरी सोनेरी वाटतो, पांढरा मोती सायीसारखा होतो. दुसरीकडे काही रंगद्रव्यं उजेडाने उडतात, म्हणून काही लाल-गुलाबी छटा फिक्या पडतात. म्हणजे एकीकडे पिवळेपणाची भर, दुसरीकडे मूळ रंगाची वजाबाकी. शिवाय कापूर उडून गेल्यावर ताव आकसतो आणि सांध्याजवळ तडकतो.

मग मूळ रंग कळायचा कसा? ड्रमच्या अंगावर धातूचे छोटे ठोकळे बसवलेले असतात, तोंडावरचा पडदा ताणण्याचे स्क्रू त्यांत फिरतात. ड्रमवाले त्यांना 'लग' म्हणतात. लग उघडला की खाली, जिथे उजेड पोचलाच नाही, तिथे ठोकळ्याच्या आकाराचा जुना निळा रंग तसाच सापडतो. म्हणूनच जुना रॅप सोलून नवा चकचकीत बसवणं मला पटत नाही. ड्रम सुंदर दिसेल, पण तो निळा होता हे सांगणारा एकमेव साक्षीदार कचऱ्यात जाईल. (वाजवणाऱ्यांचं मत वेगळं असू शकतं. त्यांना वाद्य हवं असतं, वस्तुसंग्रहालय नव्हे.)

वर्गात हे सहज करता येतं. निळ्या जिलेटिन पेपरवर पिवळा ठेवून खिडकीकडे धरा, मुलं स्वतःच 'हिरवा!' म्हणून ओरडतील. दुसरा प्रयोग वर्तमानपत्राचा. कागदावर एक नाणं ठेवून पंधरा दिवस उन्हात राहू द्या. मग नाणं उचलायला सांगा आणि विचारा, या ठिकाणी 'लग' कोणता? जुना सेल्युलॉइडचा कंगवा किंवा चेंडू मिळाला तर दाखवा जरूर, पण आगीजवळ अजिबात नेऊ नका.