वरच्या दिव्यांत तेल कोण घालतो?

लक्ष्मीपूजन आटोपून आम्ही गच्चीवर आलो, की आमचे चिरंजीव आकाशाकडे बोट दाखवून हटकून काहीतरी विचारतात. मराठीच्या प्राध्यापकाची परीक्षा घेण्याचा त्यांचा हा वार्षिक मुहूर्तच! यंदाचा प्रश्न होता, "बाबा, वरच्या दिव्यांत तेल कोण घालतो?"

उत्तर शोधता शोधता मी तिमिंगल तारकासमूहातील एका दीर्घिकेपाशी पोचलो. दिवाळीच्या रात्री हा समूह आग्नेयेकडे दिसतो. दीर्घिका मात्र दुर्बिणीवाचून दिसत नाही. मेशाँ या फ्रेंच ज्योतिर्विदाला ती १७८० साली सापडली. मेसिएच्या यादीत तिचा क्रमांक ७७. अंतर सुमारे साडेचार कोटी प्रकाशवर्षे! तिचा गाभा विलक्षण तेजस्वी आहे. अशा दीर्घिकांचा अभ्यास कार्ल सायफर्ट या अमेरिकन संशोधकाने १९४३ मध्ये प्रसिद्ध केला.

ताऱ्यांचे तेल म्हणजे वायू, मुख्यतः हायड्रोजन. थंड वायूचा ढग स्वतःच्या भाराने आकसतो, तापतो आणि तारा पेटतो. पण या दीर्घिकेच्या केंद्रात दुसराही एक भुकेला बसला आहे : सूर्याच्या कोटीपटीहून भारी असे कृष्णविवर. वायू एकच, मागणारे दोन!

वायू तेथवर पोचतो तरी कसा? गोफणीतला दगड फिरत असतो तोवर हातावर येत नाही. फिरणारा वायूही तसाच केंद्रात पडत नाही. त्याची गती मोडण्याचे काम दीर्घिकेच्या मध्यातून आडवा गेलेला ताऱ्यांचा पट्टा करतो. त्याच्या ओढीने वायू आत सरकतो, कड्यासारखा साठतो आणि तेथे ताऱ्यांची बारशी सुरू होतात. उरलासुरला वायू आणखी आत जातो व विवरात पडण्यापूर्वी भयंकर तापतो. गाभ्याचे तेज ते हेच.

आणि हे तेजच मग वायूला बाहेर लोटते! चिलीतील 'आल्मा' या रेडिओ दुर्बिणींनी घेतलेल्या वेधांवरून २०१४ साली अंदाज निघाला, की गाभ्याच्या परिसरातून दरवर्षी सुमारे ६३ सूर्यांइतका वायू बाहेर फेकला जातो. तेवढ्याच भागात ताऱ्यांसाठी खर्ची पडणाऱ्या वायूच्या हा कितीतरी पट. कोठे कोठे असाच वारा ढगांना दाबून नवे तारेही घडवतो. फुंकर तीच, चुलीतला विस्तव फुलवते आणि समई विझवते.

आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातही ४० लाख सूर्यांच्या भाराचे विवर आहे. आज ते शांत आहे. पण केंद्राच्या वर-खाली सुमारे २५ हजार प्रकाशवर्षे पसरलेले गॅमा किरणांचे दोन फुगे २०१० साली सापडले. जुन्या उद्रेकाची ही खूण. तो विवराचा की ताऱ्यांच्या स्फोटांचा, याचा वाद अजून मिटलेला नाही.

चिरंजीवांना मी म्हटले, "तेल पुष्कळ आहे रे. पण घरातला मोठा किती खातो आणि किती सांडतो, यावर धाकट्यांचे दिवे अवलंबून!"

"म्हणजे आपल्यासारखंच," ते म्हणाले. त्यांची नजर चकल्यांच्या डब्यावर होती आणि डबा माझ्या हातात होता.