घंटा नसलेली सकाळ

मूल मॉन्टेसरीत जातं म्हटलं की मराठी घरात अडीच-तीन वर्षांचं पोर डोळ्यांपुढे येतं. गुलाबी मनोरा रचायचा, या भांड्यातून त्या भांड्यात पाणी ओतायचं, डबा खाऊन घरी यायचं. पहिलीत नाव घातलं की मॉन्टेसरी संपली. सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठीही या पद्धतीचे वर्ग असतात, आणि त्यांची बरीचशी घडण आपल्याच देशात झाली, हे फारसं कुणाच्या गावी नसतं.

डॉ. मारिया मॉन्टेसरी १९३९ च्या नोव्हेंबरात थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळ अड्यारला शिक्षकांचा वर्ग घ्यायला आल्या. काही महिन्यांत परतायचं, असा बेत होता. पण जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि भारतातले इटालियन लोक सरकारच्या लेखी शत्रू ठरले. मुलगा मारिओ याला थेट आपल्या अहमदनगरच्या छावणीत डांबलं. बाईंना अड्यारच्या आवाराबाहेर पडायची बंदी. त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, ३१ ऑगस्टला, मारिओला सोडलं खरं, पण मायदेशी जाण्याची वाट युद्ध संपेपर्यंत बंदच राहिली. यातली १९४२ ते ४४ ही वर्षं मायलेकांनी कोडाईकनालच्या थंड डोंगरावर काढली. तिथे त्यांच्याभोवती लहानमोठ्या मुलांची एक शाळा जमली. शेवाळं, पानं, किडे गोळा करणारी ती मुलं पाहता पाहता मोठ्या वर्गाचा अभ्यासक्रम आकाराला आला.

या वर्गाचा दिवस बाहेरून पाहणाऱ्याला विस्कळीत वाटतो. सहा ते नऊची मुलं एकत्र, नऊ ते बाराची एकत्र. आल्यावर दप्तर खुंटीला अडकवायचं, नोंदवही उघडून तारीख घालायची, हाती घेतलेल्या कामाचं नाव आणि वेळ लिहायची. प्रार्थनेच्या रांगा नाहीत, तास संपल्याची घंटा नाही. ताई फळ्यापुढे उभ्या राहून सगळ्या वर्गाला शिकवत नाहीत. तीन-चार जणांना बोलावून चटईवर एक पाठ देतात आणि उठून जातात. पुढचं काम मुलांचं. एका कोपऱ्यात क्रियापदावर लाल वर्तुळ आणि नामावर काळा त्रिकोण ठेवत कुणी वाक्य उलगडत असतं, दुसरीकडे नद्यांचा नकाशा रंगत असतो. बालवाडीतली ती प्रसिद्ध शांतता इथे नसते. सहाव्या वर्षानंतर मुलाला टोळी लागते, वाद लागतो, ‘हे बरोबर नाही’ म्हणून भांडायला कारण लागतं. आवाजाचा त्रास होणाऱ्या शिक्षकाने या वर्गाच्या वाटेला जाऊ नये.

भागाकाराचं साधन मुद्दाम जवळ बसून पाहावं असं आहे. रॅकमध्ये काचेच्या नळ्या, प्रत्येक नळीत दहा मणी. एककाचे हिरवे, दशकाचे निळे, शतकाचे लाल, आणि हजाराला पुन्हा हिरवे, फक्त रॅकचा रंग वेगळा. समजा, ८१५४ ला २७ ने भागायचं आहे. दोन पाट घ्यायचे. एकावर दशकाच्या दोन निळ्या सोंगट्या, दुसऱ्यावर एककाच्या सात हिरव्या. निळ्या सोंगटीला हजाराचा मणी दिला की हिरवीला शंभराचा द्यायचा, कारण ती दहापट लहान. शंभराचे मणी संपले की हजाराचा एक मोडून दहा घ्यायचे. अशी वाटणी केल्यावर प्रत्येक हिरवीपुढे तीन लाल मणी येतात. मग घर एक पायरी खाली सरकतं आणि तिथे कुणालाच काही मिळत नाही. कागदावर मुलं नेमकी इथेच घसरतात आणि ३२ लिहून मोकळी होतात. इथे मात्र रिकामा पाट समोर दिसतो, म्हणून मधलं शून्य लिहिलं जातं. उत्तर ३०२. रीत घोकून घेतली असती तर हेच गणित पाच मिनिटांत झालं असतं. इथे अर्धा तास जातो, आणि तो जाऊ द्यायला सगळ्यांत जास्त धीर पालकांना लागतो.

वर्षाच्या सुरुवातीला ताई काही मोठ्या गोष्टी सांगतात: विश्व कसं झालं, पृथ्वीवर जीव कसे आले, माणूस कसा आला, अक्षरं आणि अंक कुठून आले. या वयाचं मूल डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींच्या मागे लागतं, म्हणून आधी सारं विश्व त्याच्यापुढे ठेवायचं, तपशिलात ते आपोआप शिरेल, असा हा हिशेब. काळी पट्टी ही त्यातलीच. लांबच लांब काळं कापड उलगडत न्यायचं, ते पृथ्वीचं वय; अगदी टोकाशी एक चिंचोळी रेघ, ती माणसाची. आपली संस्कृती किती प्राचीन म्हणून फुशारकी मारणाऱ्या भारतीय मुलांसाठी ती पहिल्यांदा उलगडली गेली, असं मॉन्टेसरी शिक्षकांमध्ये सांगतात. खरं असेल तर उपाय फारच सौम्य होता.

दुपारी बाग, गाणं, वाचन आणि झाडलोट. झाडलोट शिक्षा म्हणून नव्हे, वर्ग आपला म्हणून. कधी तिघं-चौघं एखादा प्रश्न घेऊन बाहेर पडतात, उदाहरणार्थ कुंभाराकडे. फोन करायचा, वेळ ठरवायची, बसचे पैसे मोजायचे, ही कामं मुलांचीच. सोबतचं मोठं माणूस फक्त सोबत. ताई अधूनमधून एकेकाची नोंदवही घेऊन बसतात. गणित टाळलं असेल तर ते तिथे उघडं पडतं, आणि इतर शाळांतली याच वयाची मुलं काय शिकतात तेही मुलाला दाखवलं जातं. मोकळीक आहे, पण हिशेब द्यावा लागतो.

आपल्याकडे हे वर्ग मोजके आणि बहुतेक महागडे आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बिया, खडे, पानं यांतून साधनं उभी केली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मॉन्टेसरीचं गावाला परवडेल असं रूप ते होतं. शहरातल्या शाळांनी उचललं ते मुख्यतः लाकडी सामान.

सामानापेक्षा वेळ अवघड. सकाळचे तीन तास सलग हवेत, असा मॉन्टेसरीबाईंचा आग्रह होता आणि तो निरीक्षणातून आला होता. पहिलं सोपं काम संपवून मुलं तासाभराने चुळबुळ करतात, हिंडतात, आवाज चढतो. दमली, असं वाटतं. पण कुणी मध्ये पडलं नाही तर थोड्या वेळाने तीच मुलं दिवसाचं सगळ्यांत अवघड काम निवडून त्यात बुडतात. बऱ्याच शाळांत नेमकी याच सुमाराला मधली सुट्टी होते, नाहीतर संगीताचे सर दार वाजवतात. शाळा पाहायला जाणाऱ्या पालकाने साधनांची कपाटं पाहत बसू नये. साडेदहाला वर्गात कोण शिरतं, एवढं विचारावं.