साखर उतरते तेव्हा

चिखली-खामगाव पट्ट्यातल्या एका वृद्धाश्रमात सकाळी चहाच्या आधी ग्लुकोमीटर फिरतो. सुई टोचण्याआधी मावशी प्रत्येकाला हात धुवायला लावतात, नीट पुसूनही घेतात. शेगावच्या प्रसादाचा कण बोटाला राहिला, तर आकडा खोटाच फुगतो. जन्मभर कापूस वेचलेल्या, निंदण केलेल्या बोटांतून थेंब लवकर निघत नाही. मग हात कोमट पाण्यात धरायचा, खाली सोडायचा आणि टोकाऐवजी बोटाच्या कडेला टोचायचं. तिथे दुखतंही कमी.

वहीत १६० लिहून मावशी पुढे सरकतात. ७४ दिसले की थांबतात. घरोघरी नेमकं उलट चालतं. वाढलेल्या साखरेची धास्ती, उतरलेलीचं कौतुक! म्हातारपणी मूत्रपिंडं मंदावतात, साखरेच्या गोळीचा अंमल लांबतो आणि जेवण अर्ध्या भाकरीवर आलेलं असतं. ग्लिबेनक्लामाइडसारखी जुनी गोळी तर या वयात टाळावी असाच सल्ला आहे. साखर उतरल्यावर घाम, थरथर दिसेलच असं नाही. माणूस बरळतो, चिडतो आणि आपण म्हणतो, वय झालं. म्हणूनच थकलेल्या वृद्धांसाठी डॉक्टर एचबीए१सीचं, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं, लक्ष्य ७ वरून ८ टक्क्यांच्या आसपास सैल करतात. मीटरवर साखर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं.

एकादशीला खरी कसोटी. "आज एकादस हाय, मले काई नको," म्हणून आजी ताट सरकवतात. उपास मोडायला लावणं मलाही पटत नाही. मावशी आदल्या दिवशीच डॉक्टरांना फोन करून डोस विचारून घेतात आणि साबुदाण्याऐवजी थोडी भगर, दाण्याची आमटी वाढतात.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, वीज जाते, तेव्हा इन्सुलिन ओल्या मडक्यात. उघडलेली कुपी साधारण २८ दिवसच चालते, म्हणून तिच्यावर तारीख. सगळ्यात वाईट घोटाळा सिरिंजचा. बाजारात एका मिलीलीटरला ४० युनिटची कुपी मिळते, तशी १०० चीही. १०० ची कुपी ४० च्या सिरिंजने भरली, तर डोस अडीचपट जातो. इथे लाल टोपणाची ४० ची सिरिंज आणि ४० चीच कुपी, दुसरं काही कपाटात नाही.

तुमचं कुणी अशा ठिकाणी असेल, तर भेटीला पेढे नेऊ नका. घरातल्या जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या न्या आणि साखरेची वही दाखवायला सांगा.