रेल, स्टील, वूट्झ : तीन इंग्रजी शब्दांचा अर्थप्रवास

आदानशब्दांच्या अभ्यासात मूळ भाषेची नोंद केली की विवेचन संपले, असे मानण्याची प्रथा आहे. ही नोंद किती अपुरी ठरते, हे रसमड्याच्या परिसरात प्रचलित असलेल्या शब्दांवरून दिसते. छत्तीसगडमधील दुर्ग व राजनांदगाव यांच्या दरम्यानचे हे छोटे रेल्वेस्थानक. भोवती लोखंड-पोलादाचे कारखाने. जवळच्या भिलाईत भारतीय रेल्वेसाठी रूळ तयार होतात. १९५६ पर्यंत हा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. त्यामुळे हिंदी, छत्तीसगढी व मराठी यांचा येथे निकटचा संपर्क राहिला.

इंग्रजी ‘रेल’ म्हणजे मुळात दांडा. जुन्या फ्रेंचमार्गे तो लॅटिन ‘रेग्युला’, म्हणजे सरळ पट्टी, या शब्दाशी जोडलेला आहे. ‘रूल’ हाही त्याच कुळातला. हिंदीत ‘रेल’ गाडीवाचक झाला. मराठीने ‘रेल्वे’ हा शब्द गाडी आणि खाते या दोन्ही अर्थी स्वीकारला, मात्र मूळ वस्तूला ‘रूळ’ म्हटले. रेषा आखण्याच्या गोल दांड्यालाही मराठीत ‘रूळ’ म्हणतात. हा अर्थ इंग्रजी ‘रूल’कडे निर्देश करतो. ‘काम रुळावर येणे’ या प्रयोगात आता परकेपणाची जाणीवही उरलेली नाही.

‘स्टील’ हा जर्मानिक कुळातील शब्द. त्याचा मूलार्थ ‘घट्ट, दृढ’. मराठी घरात मात्र ‘स्टीलचे भांडे’ म्हणजे न गंजणाऱ्या मिश्रधातूचेच. दृढतेचा अर्थ फारसीतून आलेल्या ‘पोलाद’ने राखला, निश्चय पोलादी असतो, स्टीलचा नव्हे. भिलाईच्या कारखान्याच्या हिंदी नावातील ‘इस्पात’ हा पोर्तुगीज ‘एस्पादा’, म्हणजे तलवार, यापासून आल्याचे सामान्यतः मानले जाते. धातू एकच, परंतु प्रत्येक शब्दाचे प्रयोगक्षेत्र निराळे.

‘वूट्झ’चा प्रवास याच्या उलट दिशेचा आहे. दक्षिण भारतीय पोलादाचे नमुने मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी इंग्लंडला पाठविले आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवरील निबंध रॉयल सोसायटीपुढे मांडला. कन्नड ‘उक्कु’ या शब्दाच्या सदोष लेखनातून ‘वूट्झ’ हे रूप निर्माण झाले, असे कोशकार मानतात. ते चुकीचे रूपच इंग्रजीत प्रमाण ठरले.

तात्पर्य, इंग्रजीला केवळ दात्री आणि भारतीय भाषांना केवळ ग्राहक मानणारी मांडणी येथे टिकत नाही. व्युत्पत्ती शब्दाचे कूळ सांगते. त्याचा अर्थ मात्र स्वीकारणारी भाषा आपल्या गरजेनुसार ठरविते. म्हणून तौलनिक अभ्यासात व्युत्पत्तीबरोबर प्रयोगाचाही विचार अपरिहार्य ठरतो.