परदेशातील एक वर्ष आणि वेचणीचा काटा



शिक्षण आणि नोकरी यांच्या मध्ये वर्षभर थांबावयाचे व ते वर्ष परक्या मुलुखात घालवावयाचे, ही चाल इंग्लंड-ऑस्ट्रेलियातील तरुणांत जुनी आहे. तिला ते ‘गॅप इयर’ म्हणतात. यवतमाळात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. आमच्या युनियनच्या कचेरीत एक पदवीधर मुलगा बापाला घेऊन आला, म्हणून मी तो घेतला. मुलाला वर्षभर ऑस्ट्रेलियात पाठविण्यासाठी दोन एकर गहाण टाकावे की नाही, एवढेच त्यांना विचारावयाचे होते. मी दहावीनंतर जिनिंगमध्ये लागलेला माणूस. परदेश पाहिलेला नाही. पण करारपत्र वाचावयास शिकलो आहे. म्हणून नियम मिळवून वाचले.

भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार डिसेंबर २०२२ मध्ये अंमलात आला. त्याला धरून वर्षाला १,००० भारतीय तरुणांना ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा देण्याचे ठरले. वय १८ ते ३०, बारावीनंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण आणि कामापुरते इंग्रजी, या अटी आहेत. निवड सोडतीने होते. पहिली नोंदणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. तिचे शुल्क २५ डॉलर होते. सोडत असल्यामुळे ‘नाव काढून देतो’ म्हणणारा दलाल खोटा, हे पक्के समजावे. नाव निघाल्यावर सुमारे ५,००० डॉलर, म्हणजे तीन लाखांच्या आसपास रुपये, आणि परतीच्या तिकिटाची सोय दाखवावी लागते. मुदत बारा महिन्यांची. एका मालकाकडे साधारणतः सहा महिनेच काम करता येते. ब्रिटननेही २०२३ पासून भारतीयांसाठी अशी वाट काढली आहे. तेथे वर्षाला ३,००० जागा, मुदत दोन वर्षे, आणि पदवी आवश्यक आहे.

मग हे वर्ष जाते कसे? समुद्रकिनाऱ्यावरची चित्रे आपण पाहतो. पण खर्च भागविण्यासाठी ही मुले खानावळीत भांडी घासतात, हॉटेलच्या खोल्या झाडतात, मळ्यांत फळे तोडतात. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर बहुधा आडभागात तीन महिने ठरावीक कामे करावी लागतात. येथेच मेख आहे. ज्याच्याकडून त्या तीन महिन्यांचा पुरावा घ्यावयाचा, त्याच्याशी मजुरीसाठी भांडावयाचे कसे? शिवाय तोडणीची मजुरी बादलीवर किंवा पेटीवर. नवशिक्याचा हात चालत नाही. दिवसभर राबूनही खाण्या-राहण्यापुरते सुटत नाही, असे अनेकांच्या वाट्याला आले. हे ऐकल्यावर तो मुलगा म्हणाला, “भाऊ, माझी आई हेच करते की!”

खरेच आहे. माझीही आई किलोप्रमाणे कापूस वेचत असे. पहिल्या वेचणीत बोंडे भरलेली असतात, गाठोडे लवकर भरते. शेवटच्या वेचणीला पऱ्हाटीत तेवढाच वेळ वाकावे लागते, पण काटा निम्माही उतरत नाही. उन्हातला वेळ काट्यावर कधी चढत नाही.

ऑस्ट्रेलियात नेमका हाच प्रश्न ऑस्ट्रेलियन वर्कर्स युनियनने फेअर वर्क कमिशनपुढे नेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्णय झाला आणि २८ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. मजुरी पेटीवर ठरली असली तरी प्रत्येक तासाला किमान दर मिळालाच पाहिजे, आणि त्यासाठी मालकाने कामाचे तास लिहून ठेवले पाहिजेत. परदेशातून वर्षभरासाठी आलेल्या मजुरालाही तो लागू आहे. पण मागितल्याशिवाय हक्क हाती येत नाही. म्हणून तास स्वतःच्या वहीत रोज लिहावेत आणि पगाराची चिठ्ठी जपून ठेवावी.

बापाला मी सांगितले, जमीन गहाण टाकू नका. या वर्षाची सारी किंमत ‘हे काम नको’ म्हणून निघून येण्याच्या मोकळिकीत आहे. कर्ज डोक्यावर घेऊन गेलेल्या मुलाला ती मोकळीक राहत नाही; त्याचे गॅप इयर म्हणजे आपल्या ऊसतोड मजुराची उचलच. साठवलेले पैसे असतील तर जरूर जावे. आपल्या हाताने भांडी घासलेला पदवीधर पुढे मजुराशी निराळ्या तोंडाने बोलेल.

मुलाने नोंदणी केली. सोडतीत नाव निघाले नाही. पण त्याला मी आणखी एक गोष्ट दाखविली होती. तासाच्या किमान दरापेक्षा तुकड्यावरची मजुरी कमी पडू नये, हे तत्त्व आपल्या १९४८ च्या किमान वेतन कायद्यात, १७ व्या कलमात होते. २०१९ च्या वेतन संहितेतही ते आहे. या हंगामात तो घड्याळ आणि वही घेऊन आईबरोबर वेचणीला गेला. तास मांडले, किलो मांडले, भागाकार केला. ती वही घेऊन तो कचेरीत आला, तेव्हा वेचणीच्या सात बाया त्याच्याबरोबर होत्या.