नुसत्या सिलिंडरने भागत नाही. स्नायूंच्या आजारात श्वासाला लागतो यंत्राचा आधार

तालुका प्रतिनिधी : ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा जन्मजात आजार बहुतांशी मुलग्यांनाच होतो. आधी चाल बिघडते, पोटऱ्या फुगलेल्या दिसतात, पोरगं जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकून उठतं. पुढे चाकाची खुर्ची येते. घरच्यांचं सगळं लक्ष पायांकडे असतं; पण जिवाला धोका होतो तो श्वास आणि हृदयामुळे. त्यातला श्वासाचा उपचार वेळेवर सुरू झाला तर आयुष्याची वर्षं वाढतात.

या आजारात मुळात फुप्फुसं बिघडलेली नसतात. लोहाराचा भाता धड असतो, भाता ओढणारा हात थकलेला असतो. छाती आणि पोटाच्या मधला पडदा, बरगड्यांमधले स्नायू कमजोर होत जातात. हवा पुरेशी आत जात नाही आणि कार्बन डायऑक्साइड आतच साचतो. सुरुवात रात्री झोपेत होते. दिवसा मुलगा दम लागतो असं म्हणतही नाही. दिवसभर खुर्चीत बसलेल्याला दम लागणार तरी कसा?

त्यामुळे खुणा दुसरीकडे शोधाव्या लागतात. सकाळी उठल्या-उठल्या डोकं दुखतं, न्याहारी नको वाटते, रात्री सारखी जाग येते, वाईट स्वप्नं पडतात, दिवसा पेंग येते. वर्गात झोपतो म्हणून बोलणी खाणारं पोर रात्रभर श्वासाशी झगडत असू शकतं. अशी एकही खूण दिसली तर फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री करून घ्यावी. खुणा नसल्या तरी ती ठरावीक अंतराने करायची असते. श्वासाची ताकद निम्म्याखाली आली की डॉक्टर रात्रीच्या यंत्राचा विचार करतात.

ते यंत्र म्हणजे बायपॅप. नाकावर मास्क लावला की श्वास घेताना हवा जोराने आत ढकलली जाते, सोडताना दाब कमी होतो. स्नायूंना रात्रभर विसावा मिळतो. पहिले काही दिवस मास्क टोचतो, पोर काढून फेकतं. तिथे कंटाळून यंत्र कपाटात ठेवू नये; मास्कचं माप आणि दाब डॉक्टरांकडून बदलून घेता येतो.

कोरोनापासून गावोगावी दम म्हटलं की सिलिंडर आणायची सवय लागली आहे. इथे तीच घात करू शकते. नुसत्या ऑक्सिजनने बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा छान दिसतो, पण आत साचलेला कार्बन डायऑक्साइड वाढत राहतो आणि रुग्ण गुंगीत जातो. न्यूमोनियात ऑक्सिजन लागतोच, मात्र सोबत यंत्राचा श्वास हवा. दवाखान्यात नेल्याबरोबर आजाराचं नाव आणि घरी बायपॅप आहे हे सांगावं, यंत्र बरोबर न्यावं.

खोकल्याची गोष्टही तितकीच मोठी. ताकद नसल्याने कफ बाहेर पडत नाही आणि साधी सर्दी छातीत उतरते. अँबू पिशवीने हवा भरून, मग खोकताना पोटावर दाब देऊन कफ काढायची पद्धत फिजिओथेरपिस्ट घरच्यांना शिकवतात. जेवणानंतर लगेच मात्र हे करायचं नाही. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी डॉक्टरांना विचारून घ्याव्यात.

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात गाजलेल्या गुलियन बारे आजारातही श्वासाचे स्नायू जातात, पण तिथे दिवसांत, कधी तासांत. हातपाय लुळे पडत असतील आणि एका श्वासात 15 पर्यंतही मोजता येत नसेल, तर व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय लगेच गाठावं. घरगुती बायपॅपवर थांबू नये.

घरी बायपॅप घेताना बॅटरी किती तास चालते हे आधी विचारावं. रात्री वीज गेली तर इन्व्हर्टर किंवा बॅटरी तयार हवी आणि अँबू पिशवी उशाशी. ती कशी दाबायची हे घरातल्या निदान दोघांना यायला हवं.