स्मरणशक्तीच्या गोळीचा हिशेब

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण रूढ झाली त्या काळी साठी गाठणारी माणसेच मोजकी होती. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान पस्तिशीच्याही अलीकडे होते. आज ते सत्तरीच्या घरात गेले आहे. म्हणजे पूर्वी जो अपवाद होता तो आता घरोघरचा अनुभव होऊ लागला आहे, आणि ज्याला ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून दिले जात असे त्याला रोगाचे नाव मिळाले आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी पाहणीने साठीपुढील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असे सांगितले. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत आणि शिकलेल्यांपेक्षा निरक्षरांत अधिक आढळले.

या तिन्ही गोष्टी ज्या भागात एकत्र आल्या आहेत त्यांपैकी धाराशिव जिल्हा एक होय. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, नळदुर्गच्या पुढे वसलेल्या जळकोटसारख्या गावात ऐंशी वर्षांच्या वृद्धेला वय विचारले, तर ती जन्मतारीख सांगणार नाही. रझाकारांची धामधूम, १९७२ चा दुष्काळ आणि १९९३ च्या सप्टेंबरातील भूकंप, या तीन खुणांवरून तिचे आयुष्य मोजले जाते. दुष्काळात खडी कोठे फोडली, सुकडी कशी मिळे, हे ती बारीकसारीक तपशिलासह सांगते, आणि ऐकणारी नातवंडे ‘आजीची स्मृती किती शाबूत!’ म्हणून थक्क होतात. वस्तुतः या आजारात जुने बराच काळ टिकून राहते आणि कालचे व आजचे आधी नाहीसे होते. तीच आजी अर्ध्या तासापूर्वी जेवल्याचे विसरून सुनेने उपाशी ठेवल्याची तक्रार शेजारी करते, तेव्हा घरात भांडण उभे राहते. डॉक्टरचा विचार कोणाच्या मनात येत नाही. तो येतो तो दोनतीन वर्षांनी, ती महामार्गाच्या कडेने भलत्याच दिशेला चालू लागल्यावर. तोपर्यंत घरात एखादी बाटली आलेली असते.

ही बाटली बहुधा ब्राह्मीची असते. बुद्धिवर्धक औषधांची आपली परंपरा जुनी आहे. चरकसंहितेत मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी ही चार मेध्य रसायने सांगितली आहेत. ब्राह्मी म्हणजे नेमकी कोणती वनस्पती याविषयी मात्र देशात एकमत नाही. काही भागांत पाणथळ जागेत वाढणाऱ्या नीरब्राह्मीला ते नाव आहे, तर काही भागांत मंडूकपर्णीलाच ब्राह्मी म्हणतात. ग्राहकाला हा भेद ठाऊक नसतो, आणि विक्रेत्यालाही तो ठाऊक असेलच अशी खात्री देता येत नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने नीरब्राह्मीतील गुणकारी घटकांवर पुष्कळ काम केले आणि १९९० च्या दशकात त्यातून एक प्रमाणित औषध बाजारात आले. तेव्हापासून निरनिराळ्या देशांत निरोगी माणसांवर ज्या चाचण्या झाल्या, त्यांत सुमारे १२ आठवड्यांच्या सेवनाने ऐकलेले शब्द काही वेळाने आठवण्यात थोडी सुधारणा दिसली. चाचण्या लहान, मुदत थोडी, फायदा माफक. ज्याचा मेंदू झिजू लागला आहे अशा माणसाला ती तारून नेते असा पुरावा त्यांतून निघत नाही.

दहावीच्या विद्यार्थ्याची आई परीक्षेच्या तोंडावर जे सरबत आणते तेच पुढे आजोबांसाठीही येते, यात नवल नाही. दोन्ही ठिकाणी विकत घेतला जातो तो धीर. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली एका लेखात दाखवून दिले होते, की वैद्यकीय सेवेचा बाजार हा धान्याच्या बाजारासारखा नसतो. येथे विकत घेणाऱ्याला वस्तूचा गुण आधी पारखता येत नाही आणि बरे वाटले तरी ते कशाने वाटले हे पुष्कळदा नंतरही कळत नाही. स्मरणशक्तीच्या औषधांना हे दुपटीने लागू पडते. ज्वारी किडकी निघाली तर पुढल्या बाजारी दुकान बदलता येते. पण आजोबांचे विस्मरण वाढले तर बाटली निरुपयोगी होती असे कोणी म्हणत नाही. ‘औषध नसते तर याहून वाईट झाले असते’ असेच म्हटले जाते. जिची लबाडी उघडकीला येणेच अशक्य, अशी वस्तू बाजारात दीर्घायुषी ठरते. आपल्या औषध नियमांच्या अनुसूची ‘जे’ मध्ये जे दावे औषधाने करू नयेत म्हणून सांगितले आहेत, त्यांत मेंदूची क्षमता आणि स्मरणशक्ती वाढवण्याचा दावाही आहे. तथापि आयुर्वेदिक उत्पादने आणि खाद्यपूरके यांचे नियम वेगळे असल्याने दुकानाच्या फळीवर त्याचा मागमूस दिसत नाही.

हा दोष केवळ देशी बाटलीचा आहे असे समजणे अन्यायाचे होईल. बेल्जियममध्ये १९६४ साली तयार झालेली ‘पिरासिटॅम’ ही गोळी भारतात आजही सर्रास लिहून दिली जाते, आणि स्मृतिभ्रंशावरील तिच्या उपयोगाचा पुरावा मात्र तपासणाऱ्यांना पुरेसा वाटलेला नाही. गिंको नावाच्या वृक्षाच्या पानांचा अर्क जगभर खपतो. अमेरिकेत पंचाहत्तरीच्या पुढील ३,०६९ व्यक्तींना सुमारे सहा वर्षे तो अर्क किंवा त्यासारखी दिसणारी पोकळ गोळी देऊन पाहण्यात आले; २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा, की स्मृतिभ्रंश टाळण्यात अर्काचा काहीही उपयोग झाला नाही.

ज्यांना खऱ्या अर्थाने औषध म्हणता येईल त्यांत जपानी संशोधकांनी शोधलेले आणि १९९६ साली अमेरिकेत परवाना मिळालेले ‘डोनेपेझिल’ हे प्रमुख होय. मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जी द्रव्ये वापरतात त्यांतील एक अल्झायमरच्या आजारात कमी पडू लागते. ते द्रव्य मोडून टाकणाऱ्या घटकाला हे औषध अडवते, म्हणजे आहे तेवढे अधिक काळ पुरते. पण द्रव्य तयार करणाऱ्या पेशी मरत राहतात, त्याला ते काही करू शकत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? पोहऱ्याचे भोक बुजवल्याने काही महिने पाणी बरे पुरते, इतकाच त्याचा अर्थ. काही रुग्णांना त्या महिन्यांत माणसे ओळखता येतात, कपडे स्वतः घालता येतात. घरच्यांच्या दृष्टीने हे थोडे नव्हे. त्याबरोबर मळमळ, जुलाब, नाडी मंदावणे हेही येते. मात्र नुसत्या वाढत्या वयाच्या विसराळूपणावर ते उपयोगी नाही. ज्यांना विस्मरण जाणवते पण आजार जडलेला नाही अशा ७६९ जणांवरील चाचणीत पहिल्या वर्षी जो फरक दिसला तो तीन वर्षांअखेर उरला नव्हता, असे २००५ साली सिद्ध झाले.

या औषधांच्या पदरी किती पुण्य घालायचे यावर श्रीमंत देशांतही वाद आहे. फ्रान्सने ऑगस्ट २०१८ पासून डोनेपेझिलसह अल्झायमरवरील चार औषधांचा खर्च सरकारी विम्यातून देणे थांबवले. पुढे २०२३ साली अमेरिकेने ‘लेकानेमॅब’ला पूर्ण परवाना दिला. मेंदूत साचणारे चिकट प्रथिन हे औषध खरोखर काढून टाकते. परंतु १,७९५ रुग्णांवरील दीड वर्षाच्या चाचणीत आजाराची गती मंदावली ती २७ टक्क्यांनी, आणि १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक अर्ध्या गुणाहूनही कमी भरला. आठांतील एकाच्या मेंदूला सूज आली, जरी पुष्कळांना ती जाणवली नाही. दर पंधरवड्याला शिरेतून घ्यावयाच्या या औषधाची अमेरिकेतील किंमत वर्षाला २६,५०० डॉलर, म्हणजे बावीस लाख रुपयांच्या आसपास ठेवण्यात आली. ब्रिटनमध्ये २०२४ च्या ऑगस्टमध्ये ज्या दिवशी त्याला परवाना मिळाला, त्याच दिवशी तेथील मूल्यमापन संस्थेने आपल्या मसुद्यात, सरकारी खर्चाने ते देणे परवडणारे नाही असे सांगितले. शिवाय हे औषध आजाराच्या अगदी आरंभी द्यावे लागते. भारतीय खेड्यात आजार ओळखला जातो तो उतरणीच्या मध्यावर.

श्रावणबाळ योजनेत महाराष्ट्रातील निराधार वृद्धाला दरमहा १,५०० रुपये मिळतात. त्यातून शंभरदोनशे रुपयांची बाटली बाजूला काढली गेली तर काय सुटते, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा येथे महत्त्वाचा ठरतो. कारण त्या पैशात होण्याजोग्या गोष्टी आहेत. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडची मंदता, खिन्नता, आणि झोपेच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्यांचा अतिरेक यांमुळेही माणूस विसराळू होतो, आणि हे विस्मरण बऱ्याच अंशी उलटवता येते. रक्तदाबाची गोळी स्वस्त असते. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत रक्तदाब कसून आटोक्यात ठेवल्याने विस्मरणाच्या प्रारंभिक अवस्थेचे प्रमाण १९ टक्क्यांनी घटले. ऐकू न येणे आणि मोतीबिंदू यांचाही हातभार लागतो. ‘लॅन्सेट’ नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली अशी १४ कारणे मोजली आणि ती सगळी दूर झाली तर स्मृतिभ्रंशाची ४५ टक्के प्रकरणे टळू किंवा लांबू शकतील असा अंदाज दिला. त्या यादीत कोणत्याही दुकानात न मिळणारी एक गोष्ट आहे: बालपणीचे शिक्षण. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरता १८ टक्के होती, स्त्रियांची तर नऊ टक्क्यांहूनही कमी. निजामी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यात त्या पिढीच्या मुलींसाठी ज्या शाळा उघडल्याच नाहीत, त्यांचे व्याज आज पंचाहत्तरी-ऐंशीतल्या स्त्रिया भरीत आहेत. ब्राह्मीने ते फिटणारे नाही.

आणि जो आजारी पडला त्याचे काय? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (२०१३) या मराठी चित्रपटात मोहन आगाशे यांनी स्मृती हरवलेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली, तेव्हा शहरी प्रेक्षक हेलावून गेला. खेड्यात हीच कथा सुनेच्या वा लेकीच्या वाट्याला येते आणि तिचे दृश्य कोणी टिपीत नाही. रोजगाराला गेली तर म्हातारीला कोंडून ठेवावे लागते. न गेली तर मजुरी बुडते. या बुडीत मजुरीची नोंद राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही तक्त्यात होत नाही. निवृत्त शिक्षकाच्या घरी अडचण निराळी: नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, सही जुळत नाही, आणि बँकेच्या खिडकीशी उभ्या असलेल्या गुरुजींना आपण येथे कशासाठी आलो हेच आठवत नाही.

असे असले तरी कागदावर आरंभ झालेला आहे. आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो तपासणी-तक्ता भरते, त्यात साठीपुढील व्यक्तींसाठी एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता आपण विसरता काय? उत्तर ‘होय’ आले तर त्या व्यक्तीला आरोग्य केंद्रात पाठवावे, असे तक्त्यातच नमूद आहे. तेथे ब-१२ ची तपासणी होते का, कानांचे यंत्र मिळते का, दोनतीन महिन्यांनी एकदा तरी मानसोपचारतज्ज्ञ येतो का, की रुग्णाच्या हाती सोलापूरच्या रस्त्याची चिठ्ठी तेवढी ठेवली जाते, हे जिल्हा परिषदेच्या सदस्यांना येत्या सभेत विचारता येण्याजोगे आहे.